घर लहान करा, स्वयंपूर्ण नको

कोकणात सध्या लहान घरांवरून वाद चाललाय आणि दोन्ही बाजू तो भलत्याच मुद्द्यावर घालतायत. एका बाजूला प्लॉट विकणारे आणि ते घ्यायला निघालेली मुंबई-पुण्याची मंडळी. त्यांचं चित्र ठरलेलं आहे: दोन गुंठे जागा, दोनशे फुटांचं घर, छपरावर सोलर, अंगणात बोअर, मागे सेप्टिक टँक. ना वीजबिल, ना पाणीपट्टी, ना कुणाच्या दारात जायची गरज. दुसऱ्या बाजूला गावातले जाणते आणि गावाबाहेर राहून गावाचा अभिमान बाळगणारे. ते म्हणतात, हे घर नव्हे, खुराडं आहे. कोकणी घर म्हणजे ओटी, पडवी, माजघर, मागे न्हाणी आणि पुढे सारवलेलं खळं. एकाला चौरस फूट कमी केल्याचं कौतुक, दुसऱ्याला जास्त असल्याचं. मे महिन्यात घराला पाणी कुठून येणार आणि घरातून निघालेलं सांडपाणी कुठे मुरणार, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. लहान घर कोकणाला हवंच आहे, आणि आहे त्यापेक्षा जास्त हवं आहे. पण त्याला चिकटवलेली 'स्वयंपूर्ण' ही अट त्याच्या मुळावर येणारी आहे. घर लहान राहू शकतं ते बाहेरच्या कशावर तरी टेकून: सामायिक विहीर, गावची वीज, वाडीचा रस्ता, शेजारच्या घरातला मिक्सर. हे सगळं चार भिंतींच्या आत आणायचं ठरवलं की घर लहान राहतच नाही. त्याचा मोठेपणा फक्त जमिनीखाली आणि बांधापलीकडे जातो, म्हणून जाहिरातीतल्या फोटोत दिसत नाही.

आधी पाण्याचा हिशेब. बारा बाय अठराची एक खोली घ्या, २१६ चौरस फूट. पडवी-वळचण न धरता नुसत्या तेवढ्या छपरावर कोकणातला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर वाया जाणारा पाचवा हिस्सा सोडूनही जवळजवळ ४८ हजार लिटर पाणी हाती येतं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे. त्या मापाने दोन माणसांना वर्षभरात लागतात ४० हजार. म्हणजे पाणी पुरून उरलं, आणि विकणाऱ्याचा हिशेब इथेच संपतो. पण पाऊस काही बारा महिने हप्त्याहप्त्याने पडत नाही. तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, दसऱ्याच्या आगेमागे जातो आणि पुढचे आठ महिने पन्हळ कोरडी. २४० दिवस रोज ११० लिटर म्हटलं तरी २६,४०० लिटर साठवून ठेवायला हवेत. सहा फूट खोल टाकी धरली तर तिला १५५ चौरस फूट जागा लागते. २१६ फुटांचं घर आणि त्याच्या पोटात १५५ फुटांची टाकी! माणसं चार झाली की टाकी ३१० फुटांवर जाते, घराच्या जवळजवळ दीडपट. यात परसातल्या एका माडाचंही पाणी धरलेलं नाही आणि पाहुणाही धरलेला नाही; मे महिन्यात पाहुणा नसलेलं कोकणातलं घर कुणी पाहिलंय का?

यावर उत्तर येतं, टाकी कशाला, बोअर मारू. बोअर मारली की पाणी आपलं झालं, हा समज मला फार गमतीचा वाटतो. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे तांबड्या दगडाच्या पठारावर, पडलेलं पाणी सच्छिद्र दगडातून भराभर खाली उतरतं आणि त्यातलं बरंचसं व्हाळांतून, झऱ्यांतून समुद्राकडे पळतं. जे थोडं मागे राहतं ते साऱ्या वाडीचं असतं. बोअर म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीला खालून लावलेली नळी. तिचं बिल येत नाही एवढंच. खाडीच्या नाहीतर समुद्राच्या काठावर ती जास्त उपसली की गोड्या पाण्याच्या जागी खारं पाणी सरकतं, आणि मग तुमच्याबरोबर ज्याने कधी बोअर मारलीच नाही त्याचाही पाणवठा बिघडतो. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यात टँकर फिरतात, त्यात कोकणी माणसाचा आळस शोधणारे बरेच आहेत. दोष जमिनीच्या घडणीचा आहे, आणि प्रत्येकाने आपापली नळी खुपसल्याने ती घडण बदलणार नाही.

सांडपाण्याचा हिशेब तर भूमितीचाच आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात निदान पन्नास फुटांचं अंतर असावं, असं सर्वसाधारणपणे सांगतात. जांभ्यासारख्या भोकाभोकांच्या दगडात तेसुद्धा कमीच. आता गुंठ्याच्या एका कोपऱ्यात विहीर खणा आणि तिरकस समोरच्या कोपऱ्यात शोषखड्डा. मध्ये अंतर किती? जेमतेम ४७ फूट. म्हणजे एका गुंठ्यात स्वतःचं पाणी आणि स्वतःचा संडास दोन्ही बसवणं वास्तुविशारदाच्या हुशारीवर अवलंबूनच नाही, ते कागदावरच बसत नाही. दोन गुंठ्यांत बसतं, पण फक्त तुमच्यापुरतं. कुंपणाच्या पलीकडे पाच फुटांवर शेजाऱ्याने त्याचा खड्डा घेतलेला असतो, कारण त्यानेही त्याच्या विहिरीपासून तो लांबात लांब नेलेला असतो. अशा चाळीस प्लॉटांच्या वसाहतीत प्रत्येक जण आपापल्या नकाशात स्वयंपूर्ण असतो आणि सगळे मिळून एकमेकांचं पीत असतात. हल्ली चाकांवरच्या घराचीही टूम निघाली आहे. चाकं लावली की बांधकाम परवानगीची कटकट नाही असं सांगितलं जातं. घराला चाकं असतील हो, संडासाच्या पाण्याला नसतात.

विजेचं नि इंधनाचं थोडक्यात. एक लहान फ्रिज, पंखा, दिवे, पंप, मोबाइल असं धरलं तर दिवसाला अडीच युनिट लागतात. मे महिन्यात एक किलोवॉटचं पॅनेल ते हसत देतं. जुलैमध्ये आभाळ पाच-पाच दिवस उघडत नाही, तेव्हा काय? पाच दिवसांचे साडेबारा युनिट साठवायचे तर इन्व्हर्टरची नेहमीची १५० एएचची बॅटरी नावाला १.८ युनिटची, आणि तिचं आयुष्य जपायचं म्हणून निम्मीच वापरायची, अशा चौदा बॅटऱ्या लागतील. लिथियमच्या घेतल्या तर जागा वाचते, पैसे वाचत नाहीत. गोबरगॅस म्हणाल तर दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण हवं. म्हणजे चार-पाच गुरं, त्यांचा गोठा, त्यांचा चारा, त्यांचं पाणी. दोनशे फुटांच्या घरासाठी तीनशे फुटांचा गोठा बांधणाऱ्याला मी अडवणार नाही, पण त्याने घर लहान असल्याचं सांगत फिरू नये.

स्वयंपूर्णता काय मागते हे पाहायचं तर कोकणात तिची पक्की उदाहरणं आहेत, फक्त ती घरं नाहीत, जलदुर्ग आहेत. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्याचा पसारा ४८ एकरांचा. मुरुडचा जंजिरा त्याहून लहान, २२ एकर, तरी आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. वेढा पडला तरी टिकायचं, यासाठी केलेली ही व्यवस्था. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य गडाविषयी सांगतात की आधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून तळी-टाकी बांधावीत, आणि एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण झुंजीत तोफांच्या आवाजाने झऱ्यांचं पाणी कमी होतं. म्हणजे स्वावलंबनासाठी पाण्याची दुहेरी-तिहेरी सोय, त्यासाठी जागा, आणि ती राखायला माणसं. एवढं करूनही सिंधुदुर्ग एकटा उभा नव्हता. पद्मगड, राजकोट, सर्जेकोट त्याच्या पाठीशी होते. वेढ्यात सापडलेल्या गडाची गरज दोन गुंठ्यांतल्या जोडप्याला का असावी? त्यांना वेढा कुणी घातलाय?

आता 'खुराडं' म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या डोळ्यांसमोरचं कोकणी घर बहुतेक वेळा खोताचं, इनामदाराचं किंवा सावकाराचं असतं. ते बांधायला, शाकारायला, सारवायला फुकट किंवा जवळजवळ फुकट राबणारे हात होते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि ते हातही हळूहळू गेले. त्यानंतर या घरांची आढी वाकत गेली, यात नवल नाही. बाकीचं कोकण राहत होतं कुडाच्या भिंतींच्या दोन-तीन खणी घरात, गवताच्या नाहीतर नळ्यांच्या छपराखाली. कोळीवाड्यात आजही घर आत जेमतेम आहे. जाळी, वाळवण, मासळी, गप्पा, भांडणं सगळं बाहेर. मोठ्या माजघराच्या आठवणी काढणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं: त्या माजघरात दिवसा दिवा लावावा लागायचा, चुलीचा धूर आढ्याला जाऊन परत खाली यायचा, तो कुणाच्या डोळ्यात जायचा? ज्याने ते घर आयुष्यात एकदाही सारवलं नाही त्यालाच त्याची इतकी ओढ का? लहान घर कोकणी संस्कृतीच्या विरोधात आहे, हा मुद्दा इतिहासात टिकत नाही. बहुसंख्य कोकणी माणसाची संस्कृती लहान घराचीच होती, आणि ते लहान घर भोवतीच्या खळ्यावर, विहिरीवर, वाडीवर टेकलेलं होतं.

आणि मुंबईत तो काय करत होता? बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची. गिरणगावातल्या कितीतरी खोल्यांत एकाच गावचे दहा-पंधरा चाकरमानी पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, गॅलरीत अभ्यास करत, चौकात सत्यनारायण घालत. अतिलहान घराचा एवढा मोठा नि एवढा प्रदीर्घ प्रयोग आपल्याच माणसांनी केलेला असताना आपण त्याचे धडे परदेशी व्हिडिओतून घेतोय, हे जरा विचित्रच. त्या प्रयोगातून काय निघालं? १६० फूट पुरले, कारण नळ, संडास, गॅलरी, जिना, खानावळ बाहेर होती. ते गोड होतं असं मी म्हणत नाही. संडासाच्या रांगेत आयुष्यं गेली, बायकांची जास्त. पुनर्विकासात पाचशे फूट मिळतायत तर लोक चाळीकडे वळूनही बघणार नाहीत आणि बघूही नये. पण चाळीत सुधारायला हवी होती ती सामायिक सोय. प्रत्येक १६० फुटांत एक विहीर आणि एक गोठा कोंबायला कुणी सांगितलं नसतं. आणखी एक गोष्ट इथेच बोलून टाकतो. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं, आणि सपाट भागात त्याला १ लाख २० हजार रुपये मिळतात. तेवढ्याच आकाराचं घर गरिबाने बांधलं की ते सरकारी आकड्यात जातं, आणि पैसेवाल्याने बांधलं की जीवनदृष्टी होते.

आता माझ्याविरुद्धचे खरे मुद्दे. पहिला वादळाचा. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. पोफळीच्या नि माडांच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, आणि कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. ज्यांच्याकडे स्वतःचा पॅनेल नि बॅटरी होती त्यांच्याकडे तेवढा उजेड होता. मग सामायिक तारेवर टेका असं सांगणारा मी कोण? मुद्दा खरा आहे, आणि त्यात भर घालतो: ग्रीडला जोडलेलं नेहमीचं सोलर वीज गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद पडतं, तेव्हा ऐन वादळात ते कामाला येत नाही. पण यातून निघतं ते इतकंच की आठ-दहा दिवस तग धरता यावी. त्याला एक छोटं पॅनेल, एक बॅटरी, दोन दिवे, चार-पाच हजार लिटरची पाण्याची टाकी, आगोटीत, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरलेलं धान्य आणि वीज नसली तरी पाणी काढता येईल असा रहाट किंवा हातपंप एवढं पुरतं. आठ दिवस तग धरणं वेगळं आणि तीनशे पासष्ट दिवस कुणाचीच गरज नसणं वेगळं. पहिल्याचा खर्च हजारांत आहे, दुसऱ्याचा लाखांत. शिवाय वादळानंतर पहिलं काम असतं वाटेत नि छपरावर पडलेले माड कापून बाजूला करण्याचं, आणि ते स्वयंपूर्ण घरातल्या दोघांना होत नाही. त्याला वाडी लागते.

दुसरा मुद्दा याहून जड आहे. शेजारावर टेका म्हणता, पण कोकणातल्या शेजाराचा इतिहास काय? पाणवठ्यावर कुणी यायचं नि कुणी नाही, हे जातीने ठरलेलं होतं. चवदार तळ्याचं महाड कोकणातच आहे. आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी अशीही परिस्थिती नाही. माणसं वाळीत टाकण्याच्या तक्रारी रायगडातून येत राहिल्या आणि महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. जातीबाहेर लग्न केलेलं जोडपं, एकटी राहणारी बाई, गावकीशी भांडलेला माणूस यांना सामायिक विहीर म्हणजे आधार की टांगती तलवार? ज्याचं पाणी दुसऱ्याच्या हातात, त्याची मान दुसऱ्याच्या हातात. स्वतःची विहीर हे त्यांच्यासाठी चैनीचं नाही, अब्रूचं साधन आहे. हे मी पूर्णपणे मान्य करतो.

तरी महाडच्याच उदाहरणाने उत्तर देतो. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, ते वेगळ्या विहिरीची मागणी घेऊन गेले नव्हते. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र पाणवठा बांधून दिला असता तर गावातल्या अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला असता. त्यांचा आग्रह होता सार्वजनिक पाण्यावरच्या हक्काचा, आणि तो पुढे १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही टिकला. आज ज्याच्याकडे पैसे आहेत तो बोअर मारून सामायिक विहिरीतून बाहेर पडतो. मागे कोण राहतं? ज्याला बोअर परवडत नाही तो. त्या विहिरीचा गाळ मग कोण काढणार, कठडा कोण बांधणार, ग्रामसभेत तिच्यासाठी कोण भांडणार? बहिष्काराला उत्तर म्हणून प्रत्येकाने आपापल्या कुंपणात जाणं हे बहिष्काराचंच काम सोपं करणं आहे. एकट्या बाईला तिची विहीर जरूर असावी. पण तिच्या गरजेचं भांडवल करून चाळीस वीकएंड घरांना चाळीस बोअर मंजूर करणं हा मला लबाडपणा वाटतो.

स्वयंपूर्णतेचं हे वेड नवीन नाही. खेडी म्हणजे छोटी-छोटी प्रजासत्ताकं, त्यांना बाहेरचं काही लागत नाही, असं चित्र मेटकाफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० साली रंगवलं आणि आपण ते अभिमानाने भिंतीवर टांगलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी त्या चित्राचा समाचार घेतला. कोकणात तर ते कधी लागूच नव्हतं. घाटावरून धान्य यायचं, कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी जायची. पुढे शंभर वर्षं गावं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. अमेरिकेत १८४५ साली तळ्याकाठी दहा बाय पंधराची झोपडी बांधून राहिलेला लेखक थोरो हा लहान घरवाल्यांचा आद्यपुरुष. त्याची जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती, गाव चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि कामाला सुरुवात केली ती कुऱ्हाड उसनी होती. हे त्याने लपवलंही नाही. लपवतात ते त्याच्या नावाने प्लॉट विकणारे.

मग असं घर बांधायचं कसं? आत कमी, बाहेर जास्त. वेंगुर्ल्याकडे मी एक कंटेनरचं घर पाहिलंय, दिसायला फार सुबक. दाराच्या खालच्या कडेला रंगाचे पोपडे उचलले होते आणि बिजागऱ्यांना तेल घालून घालून त्या काळ्या पडल्या होत्या. आत पलंग भिंतीत मिटायचा. त्याचा चॅनेल गंजल्याने तो कायमचा उघडाच ठेवला होता, म्हणजे चालायला जागा उरली नव्हती. गादी पुढे ओढली तर मागच्या प्लायवर बुरशीची हिरवट रेघ. उन्हात आत बसवत नाही म्हणून एसी, एसी सोलरवर चालत नाही म्हणून शेवटी विजेचं मीटर. कोरड्या हवेतल्या युक्त्या खाऱ्या, दमट हवेत अशा वाया जातात. घडीचं फर्निचर, सरकते खण, गुप्त कप्पे हे सगळं इथे दोन पावसाळ्यांत फुगतं.

इथलं लहान घर चिऱ्याचं हवं, दोन-अडीच फूट जोत्यावर, कारण पागोळ्यांचा चिखल भिंतीवर उडतो. खोली एकच, बारा बाय अठराची, पण दोन्ही अंगांना पाच-पाच फुटांची पडवी आणि चहूबाजूंनी अडीच फुटांची वळचण. म्हणजे भिंतींच्या आत २१६ फूट आणि छपराखाली सहाशेच्या वर. पावसाळ्याचे चार महिने घर खरं तर पडवीत चालतं: कपडे तिथे वाळतात, छत्र्या तिथे निथळतात, लाकूडफाटा नि नारळ तिथे रचतात, म्हातारी माणसं तिथे बसतात. झड येते त्या बाजूला झाप बांधायचे. छप्पर कौलांचं, उतार चांगला, मध्ये एखादं काचेचं कौल, म्हणजे दिवसा दिवा नको. खोलीवर माळा हवाच. आगोटीचं तांदूळ, सुकट, सोडे, कोकम, पापड, गोधड्या ठेवायला जागा नसेल तर ते पर्यटकाचं घर, राहणाऱ्याचं नाही. न्हाणी आणि संडास पडवीच्या टोकाला, दोन खड्ड्यांचा. खिडक्या समोरासमोर. बाकी पाणी वाडीच्या विहिरीचं नाहीतर नळाचं, वीज तारेची, आणि तग धरण्यापुरतं ते मघाचं छोटं पॅनेल नि टाकी. यात फोटो काढण्यासारखं फारसं नाही, हे मला ठाऊक आहे.

आणि अशा घराची खरी गरज कुणाला आहे? सातबारावर पंधरा-वीस नावं आहेत, जुन्या घराच्या दुरुस्तीला कुणी एकटा पैसे घालायला तयार नाही, गणपतीत सगळे येतात आणि गळकं छप्पर बघून पुढच्या वर्षीचा वायदा करून जातात, अशी घरं कोकणात वाडीवाडीत आहेत. मागे एखादी ऐंशीची आजी सात खणांच्या घरात एका कोपऱ्यात चूल मांडून राहते, बाकीच्या सहा खणांना कुलूप. तिला त्याच खळ्याच्या कडेला, त्याच विहिरीवर, पडलेल्या बाजूचेच चिरे, वासे नि कौलं वापरून दोनशे फुटांची एक कोरडी खोली बांधून दिली तर ते कोकणातलं सगळ्यात शहाणपणाचं लहान घर होईल. भावकीने त्याला संमती द्यावी, त्याने कुणाचा हिस्सा बुडणार नाही असं कागदावर लिहून घ्यावं. यासाठी नवी जमीन फोडावी लागत नाही, सडा खणावा लागत नाही, नवी चिरेखाण लागत नाही.

प्लॉटिंगच्या बाबतीत ग्रामपंचायतींनी घर किती फुटांचं आहे हा प्रश्न विचारणंच सोडावं. ना-हरकत देण्याआधी नकाशावर चार गोष्टी दाखवायला लावाव्यात: मे महिन्यात पाणी कुठल्या विहिरीचं, आजूबाजूच्या जुन्या विहिरी किती फुटांवर, प्रत्येक शोषखड्डा कुठे, आणि मैला उपसायची गाडी कुठपर्यंत येऊ शकते. चाळीस प्लॉट असतील तर एक विहीर, एक साठवण टाकी, सांडपाण्याची एक व्यवस्था, आणि ती चालवण्याची जबाबदारी प्लॉटधारकांच्या संस्थेवर. त्या विहिरीवर मूळ वाडीचाही हक्क असेल हे त्याच ठरावात लिहावं, आणि ठराव ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा.